कड्याच्या पोटातला समुद्र

या पोरांनो, जवळ सरका. आज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची गोष्ट सांगतो. डॉर्सेट नावाच्या परगण्यात चारमथ आणि लाइम रीजिस ही दोन गावं शेजारी शेजारी आहेत. तिकडे सुट्टी लागली की लोक समुद्राजवळ एखादं छोटं कॉटेज आठवडाभर भाड्याने घेतात. त्या भागातल्या कितीतरी जुन्या घरांवर अजून गवताने शाकारलेली जाड छपरं आहेत. मागे हिरवी टेकडी, पुढे करडा समुद्र. अशा घरात राहणारी जाणती माणसं सकाळी उठून पहिल्यांदा पाहतात तो भरती-ओहोटीचा तक्ता. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून वेळ रोज पुढे सरकते. आपला कोकणातला कोळी जे तिथीवरून सांगतो, ते तिथे छापील तक्त्यात मिळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. चंद्र दोघांचाही एकच ना!

ओहोटी लागली की मुलं बादल्या घेऊन किनाऱ्यावर पळतात, पण शिंपल्यांसाठी नव्हे. गोट्यांमध्ये डोळे लावून शोधलं तर एखादा दगड असा हाताला लागतो, की त्यावर चक्राकार वेटोळं कोरलेलं दिसतं. कधी तो पिवळाधमक सोन्यासारखा चमकतोही. तुम्ही म्हणाल, आजोबा, ही तर गोगलगाय! नाही रे. हा अमोनाइट. गोगलगायीपेक्षा माकूल आणि ऑक्टोपस यांच्या कितीतरी जवळचा.

त्याचं घर मोठं नवलाचं होतं. वाड्यात माणसं वाढली की नवी खोली काढतात ना, तसा हा प्राणी अंगाने वाढला की शंखाच्या तोंडाशी नवी जागा बांधून पुढे सरकायचा आणि मागची खोली भिंत घालून बंद करायचा. त्या बंद खोल्यांत वायू भरलेला असे. सगळ्या खोल्यांतून एक बारीक नळी जायची. तिच्यातून तो खोल्यांतलं पाणी काढून घेई. त्यामुळे एवढं जड कवच पाठीवर असूनही तो पाण्यात तरंगायचा.

हे सगळं सुमारे 19-20 कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा ब्रिटन आजच्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ होतं आणि त्याच्या बऱ्याच भागावर उबदार, उथळ समुद्र होता. प्राणी मेला की तळाच्या काळ्या चिखलात रुतायचा. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे खाणारं, कुजवणारं फारसं कोणी नसे. हळूहळू कवचाच्या जागी खनिज साचलं. कुठे चुना साचला, तर कुठे लोह आणि गंधक मिळून झालेलं पायराइट. सोनेरी चमक या पायराइटचीच. चिखलाचा झाला दगड, दगडाचा झाला कडा.

आता आपल्या देवघराकडे बघा. शाळिग्राम फोडला तर आत चक्र दिसतं ना? तोही अमोनाइटच. नेपाळातल्या गंडकी नदीत तो मिळतो, कारण आज हिमालय उभा आहे तिथे एके काळी टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ उचलून डोंगर झाला आणि नदीने डोंगर कोरून ते दगड खाली आणले. चारमथला हेच काम पाऊस आणि लाटा करतात. पावसाने कड्याची माती घसरते, लाटा ती धुऊन नेतात आणि आतलं उघडं पडतं. म्हणून हिवाळ्यातल्या वादळानंतर तिथे सगळ्यात जास्त सापडतं.

आता गोष्टीतली मुलगी येते. मेरी ॲनिंग. लाइम रीजिसला 1799 साली सुताराच्या घरी जन्मली. त्या काळी युरोपात युद्धं चालली होती. सधन इंग्रजांना परदेशी जाणं अवघड झालं, तेव्हा ते आपल्याच किनाऱ्यावर हवापालटाला येऊ लागले. मेरीचे वडील किनाऱ्यावरचे चमत्कारिक दगड गोळा करून या पाहुण्यांना विकायचे. मुलांनाही त्यांनी शोधायला शिकवलं. म्हणजे बघा, सुट्टीवर आलेल्या माणसांच्या हौसेतून एवढं मोठं शास्त्र पुढे गेलं!

1810 मध्ये वडील वारले, डोक्यावर कर्ज ठेवून. पुढच्या वर्षी भावाला, जोसेफला, कड्यात एक प्रचंड कवटी दिसली. चार फूट लांब! लोक म्हणाले, मगर असेल. मेरी तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. वर्षभरात तिने बाकीचा सांगाडा शोधून काढला. तो होता इक्थिओसॉर. दिसायला माशासारखा, पण फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पाण्यातच जिवंत पिलं देणारा समुद्री सरपटणारा प्राणी. त्याच्या मोठाल्या डोळ्यांभोवती हाडांच्या चकत्यांचं कडं होतं. ती कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

1823 मध्ये मेरीला पूर्ण प्लेसिओसॉर सापडला. त्याची मान इतकी लांब, की पॅरिसच्या थोर शास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिएंना ती खोटी वाटली. पुढे त्यांनी आपलं मत बदललं. मेरी शाळेत फारशी गेली नव्हती. तरी ती शास्त्रज्ञांचे निबंध मागून आणायची, चित्रांसकट हाताने उतरवून काढायची, मासे आणि माकूल कापून त्यांची रचना समजून घ्यायची. सांगाड्याच्या पोटाच्या जागी सापडणारे काही गोल दगड तिने फोडून पाहिले, तर आत माशांचे काटे आणि खवले! ती त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा होती. हसताय काय? कोण काय खात होतं, ते त्यातूनच कळलं. विल्यम बकलंड या भूवैज्ञानिकांनी 1829 मध्ये त्या दगडी विष्ठेला कोप्रोलाइट हे नाव दिलं.

हे काम जिवावरचं होतं. 1833 मध्ये दरड कोसळली आणि तिचा लाडका कुत्रा, ट्रे, तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती थोडक्यात वाचली. एवढं करूनही तिच्या प्लेसिओसॉरवर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत निबंध वाचला तो दुसऱ्याने, आणि त्यात तिचं नाव आलं नाही. मला याचा आजही राग येतो. त्या सोसायटीने स्त्रियांना फेलो म्हणून घ्यायला 1919 साल उजाडलं. मेरी तर 1847 मध्येच, 47 वर्षांची असताना, कर्करोगाने गेली. लाइम रीजिसला तिचा पुतळा 2022 मध्ये उभा राहिला. ट्रे त्यातही तिच्याबरोबर आहे.

तुम्ही कधी त्या किनाऱ्याला गेलात तर ओहोटी लागल्यावर उतरा आणि भरती चढायच्या आत परता. कड्याच्या पायथ्याशी बसू नका, कड्यावर हातोडी चालवू नका. खाली पडलेला दगड मात्र खुशाल उचला. तो तिथेच राहिला तर लाटा त्याची वाळू करतात. काही वेगळं, मोठं दिसलं तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये दाखवा. आणि दगड कुठे, कोणत्या दिवशी मिळाला, ते त्याच संध्याकाळी चिठ्ठीवर लिहा. तो कोणाला सापडला, ते नावही लिहा.