चालू दप्तराची फेरमांडणी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यांतून पुण्या-मुंबईस येऊन स्थायिक झालेल्या पुष्कळ घराण्यांचें गांवाशीं नातें दोन गोष्टींनीं टिकून राहतें: एक कुलदैवताची यात्रा, आणि दुसरा सातबाऱ्याचा उतारा. कोरेगांव किंवा तासगांव तालुक्यांतील वडिलोपार्जित जमिनीवर आपलें नांव आहे कीं नाहीं, तें कोणत्या फेरफारानें लागलें, सोसायटीचा बोजा उतरला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं पूर्वीं रजा काढून तलाठ्याची गांठ घ्यावी लागे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला, आणि दप्तर रात्रंदिवस उघडें असावें अशी लोकांची अपेक्षा होऊन बसली. ती वाजवीहि आहे. परंतु ज्या दप्तरांत रोज लिहिलें जातें, तें केव्हां तरी आवरावें लागतेंच. दुकानास कुलूप घालून मांडणी बदलणें कोणासहि जमेल. गिऱ्हाईक आंत उभें आहे, माप चालू आहे, आणि तशांत फळ्या बदलावयाच्या आहेत, असें झालें तर काय करावें? संगणकावरील मोठ्या दप्तरांपुढें हाच प्रश्न असतो, आणि त्याचें उत्तर गांवच्या चावडींत पूर्वींपासून ठाऊक आहे.

सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड आहे. गांव नमुना सात हा अधिकार अभिलेख. त्यांत गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटदाराचें नांव आणि 'इतर अधिकार' हा रकाना असतो. गांव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. यांखेरीज गांव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, असते, व प्रस्तुत विषयांत खरें महत्त्व तिचें आहे. खरेदी होवो, वारस लागोत, कीं बोजा चढो, नोंद प्रथम पडते ती या सहाव्या नमुन्यांत, अनुक्रमांकानें आणि तारखेसह. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० प्रमाणें चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांस कळविलें जातें, हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबतात, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातव्या नमुन्यांतील नांव बदलतें. म्हणजे एका वहींत आज काय आहे तें, आणि दुसरींत तें तसें कसकसें होत गेलें तें.

हस्तलिखित पुस्तकाच्या काळीं गेलेलें नांव खोडून टाकीत नसत. त्यास कंस करीत, खालीं नवें नांव लिहीत, आणि शेजारीं फेरफाराचा क्रमांक वर्तुळांत घालीत. चार वारस, दोन वाटण्या व एखादें गहाणखत इतकें झालें कीं पान कंसांनीं भरून जाई. चालू नांवें थोडीं, कंसांतलीं पुष्कळ. मग साधारणतः दहा वर्षांनीं पुस्तकाचें पुनर्लेखन होई. कंसांतलीं नांवें गाळावयाचीं आणि चालू असतील तेवढीं नव्या पुस्तकांत उतरवून घ्यावयाचीं, एवढेंच तें काम. ऐकावयास सोपें, करावयास अतिशय कटकटीचें. मोठ्या गांवांत गटांची संख्या शेंकड्यांनीं. नक्कल दिवसच्या दिवस चालावयाची. आणि तोंवर गांवांत कोणी मरावयाचें थांबत नाहीं, कीं विकावयाचें थांबत नाहीं. सोमवारीं उतरवून झालेल्या पानावर बुधवारीं वारसाचा फेरफार प्रमाणित झाला, तर जुन्या पुस्तकास तो ठाऊक असे, नव्यास नसे. शिवाय लिहिणाऱ्याची एखादी ओळ सुटली कीं नांव गळालें. तें नांव गांवांत राहणाऱ्या भावाचें असेल तर तो दुसऱ्या महिन्यांत येऊन भांडेल. विवाहित बहिणीचें असेल तर पंचवीस वर्षें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. तिच्या मुलांनीं उतारा काढावा, तेव्हां उलगडा व्हावयाचा.

पहिल्या अडचणीवर उपाय सहाव्या नमुन्यांतच आहे. अमुक क्रमांकापर्यंतचे फेरफार जमेस धरून नक्कल करावी. नक्कल चालू असतांना पडलेल्या नोंदी त्या वहींत क्रमानें सांचलेल्याच असतात. नक्कल पुरी होतांच त्या पुढील क्रमांकांपासून एकेक नोंद नव्या पुस्तकावर चढवावी. पुस्तक बंद ठेवण्याचें कारण उरत नाहीं.

आतां संगणकाकडे वळावें. संगणकावरील दप्तर तक्त्यांचें बनलेलें असतें आणि तक्ता ओळींचा. अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत १९८६ सालीं ज्याच्या कामास आरंभ झाला, तें पोस्टग्रेस या घराण्याचें दप्तर उदाहरणास घ्यावें, कारण त्याची चाल तलाठ्याच्या कंसासारखी आहे. ओळ बदलली तर जुनी ओळ पुसली जात नाहीं. नवी निराळ्या जागीं लिहिली जाते, आणि जुनी निरुपयोगी म्हणून पडून राहते. असें करण्यास कारण आहे. एखादा वाचक आधींच तक्ता वाचावयास बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांदेखत अर्धी वाटणी जुनी व अर्धी नवी दिसली तर त्याची बेरीज चुकेल. त्याचें वाचन संपेपर्यंत जुनी ओळ ठेवणें भाग असतें. पुढें झाडलोट होते व ती जागा नव्या ओळींस वापरतां येते. पण फुगलेला तक्ता बहुधा फुगलेलाच राहतो. दहा लाख चालू ओळींसाठीं चाळीस लाखांची जागा चाळावी लागली कीं उतारा निघण्यास वेळ लागूं लागतो. तक्ता संपूर्ण नव्यानें लिहून काढण्याची आज्ञा या दप्तरांत आहे. पण ती चालू असतां तक्त्यास टाळें लागतें, आणि वाचणारा व लिहिणारा दोघेहि बाहेर ताटकळतात. लहान तक्त्यास हें चालेल. जिल्ह्याच्या जमिनींचा तक्ता पीककर्जाच्या हंगामांत तासन् तास असा बंद ठेवणें म्हणजे बँकेच्या दारांत शेतकऱ्यास परत फिरविणें होय.

म्हणून टाळें न लावतां करावयाची रीत निघाली. जपानांतील एन.टी.टी. या कंपनीच्या कामांतून निघालेलें पीजी-रिऑर्ग आणि त्याचा पुढील अवतार पीजी-रिपॅक हीं साधनें पोस्टग्रेससाठीं आहेत. ओरॅकलनें आपल्या नवव्या आवृत्तींत, २००१ च्या सुमारास, अशीच सोय आणली. गिटहबनें २०१६ मध्यें मायएसक्यूएलसाठीं निराळ्या धाटणीचें साधन प्रसिद्ध केलें. तपशील भिन्न असले तरी गाभा एकच. पीजी-रिपॅकची चाल अशी: प्रथम मूळ तक्त्यावर एक पहारेकरी बसवितात. तेथून पुढें मूळ तक्त्यांत जें जें लिहिलें, बदललें वा काढलें जाईल, त्याची नोंद तो एका वेगळ्या वहींत करतो. पहारेकरी बसल्यावर एका निश्चित क्षणीं तक्ता जसा होता तशी त्याची प्रत नव्या जागीं, चालू ओळी तेवढ्या घेऊन, उतरवूं लागतात. त्या वेळीं लोक मूळ तक्ताच वाचीत व लिहीत असतात. त्यांस कांहींच कळत नाहीं. प्रत पुरी झाली कीं तिच्या अनुक्रमणिका बांधतात, आणि मग वहींतील नोंदी क्रमानें प्रतीवर चढवितात. त्या चढवीत असतांना आणखी नोंदी येतात, त्याहि चढवितात. मागील थकबाकी अशी कमी कमी होत अगदीं थोडी उरली, म्हणजे क्षणभर टाळें लावून शेवटच्या नोंदी उतरवितात, दोन तक्त्यांच्या पाट्यांची अदलाबदल करतात आणि टाळें काढतात.

यांत क्रम मोडून चालत नाहीं. तासगांवच्या एका गटावर सकाळीं बोजा चढला आणि संध्याकाळीं उतरला; या दोन नोंदी उलट्या चढविल्या तर फेडलेलें कर्ज पुन्हां शेतकऱ्याच्या मानेवर बसेल. तसेंच प्रत्येक ओळीस दुसऱ्या कोणत्याहि ओळीस नसलेली अशी स्वतःची खूण हवी. नाहींतर वहींतील नोंद प्रतींतील कोणत्या ओळीस लावावी हें कळावयाचें कसें? अशी खूण नसलेल्या तक्त्यास पीजी-रिपॅक हात लावीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. काम चालेपर्यंत जागा मात्र जवळजवळ दुप्पट लागते.

कसबाची खरी परीक्षा शेवटच्या टाळ्यापाशीं होते, आणि अनुभवी माणसेंहि येथें फसतात. टाळें क्षणभराचें खरें. पण तें मिळण्यासाठीं आंत असलेला प्रत्येक जण बाहेर पडावा लागतो. एखाद्यानें साऱ्या जिल्ह्याच्या क्षेत्राची बेरीज मागितली असेल आणि ती वीस मिनिटें चालणार असेल, तर टाळें लावणारा वीस मिनिटें खोळंबतो. तेवढ्यानें बिघडलें नसतें. पण त्याच्या मागून आलेले, एकेक उतारा एवढेंच मागणारे, तेहि त्याच्याच मागें रांगेंत उभे राहतात, आणि क्षणाच्या कामानें वीस मिनिटांची कोंडी होते. तहसील कचेरीच्या खिडकीपुढें उभें राहिलेल्यास हें समजावून सांगावयास नको. यास्तव वाट पाहण्यास मर्यादा घालावी, ती संपली कीं रांग सोडून बाजूस व्हावें, आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हां यावें, अशी चांगली वहिवाट आहे.

कित्येक बदलांस मात्र एवढा खटाटोप लागतच नाहीं. सातारा-सांगलीचाच इतिहास पहावा. ८ मार्च १९४८ रोजीं सांगली, मिरज, जत, औंध, फलटण इत्यादि संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १ ऑगस्ट १९४९ रोजीं साताऱ्याचे तासगांव, खानापूर, वाळवा हे तालुके व संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. २१ नोव्हेंबर १९६० पासून त्याचें नांव सांगली. नांव बदललें म्हणून वाळव्याच्या कोणत्याहि बांधाची जागा हलली नाहीं. आतां प्रत्येक ओळींत 'दक्षिण सातारा' हीं अक्षरें लिहिलेलीं आहेत अशा तक्त्याची कल्पना करावी. तेथें लाखों ओळी पुन्हां लिहाव्या लागतील. ओळींत केवळ जिल्ह्याचा क्रमांक असेल आणि नांव दुसऱ्या एका तक्त्यांत एकदांच लिहिलेलें असेल, तर एक ओळ बदलून काम भागतें. एकच गोष्ट अनेक ठिकाणीं लिहूं नये, हा कटाक्ष एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेल्या रचनेपासून या शास्त्रांत रूढ झाला.

याच्या अगदीं उलट प्रकार एकत्रीकरणाचा. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखालीं गांवोगांव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. येथें ओळीची खूणच बदलली, आणि तीहि एकास एक नव्हे: दोन सर्व्हे नंबरांचे तुकडे मिळून एक गट, एका नंबराचे तीन गट. जुन्यानव्याचा मेळ घालण्यासाठीं आजहि एकत्रीकरणाचा '९(३), ९(४)' चा उतारा काढावा लागतो. खूण बदलणारी फेरमांडणी ही साऱ्यांत अवघड. तींत जुन्या खुणेचा तक्ता जपून ठेवला नाहीं तर हक्काचा धागाच तुटतो.

पाट्या बदलण्यापूर्वीं पडताळा घेतलाच पाहिजे. ओळींची संख्या जुळली एवढ्यानें भागत नाहीं. चुकीचें नांवहि एक ओळच व्यापतें. महसुली हिशेबांत यासाठीं जुनी कसोटी आहे: गांवच्या साऱ्या सातबाऱ्यांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशीं, म्हणजे गांव नमुना एकशीं, जुळली पाहिजे. पण नांवांची बेरीज करतां येत नाहीं. हस्तलिखितावरून संगणकावर आलेले सातबारे २०१७ सालीं गांवोगांव चावडींत वाचून दाखविण्याची मोहीम महाराष्ट्रांत झाली, ती यामुळेंच. ज्याचें नांव, त्यानेंच तें ऐकून सांगावें, याहून खात्रीचा मार्ग कोणत्याहि यंत्रापाशीं नाहीं. गांवाबाहेर राहणाऱ्यांस मात्र त्या वाचनाचा लाभ बेताचाच झाला असेल.

यंत्र नक्कल करतांना ओळ सोडीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण १९७५ सालीं पुनर्लेखनांत गळलेलें नांव तें तितक्याच इमानानें गळलेलेंच ठेवतें. लेखनप्रमादाची दुरुस्ती अधिनियमाच्या कलम १५५ खालीं मागतां येते, आणि त्यासाठीं पुरावा लागतो तो जुन्या पुस्तकाचा. या कारणानें शहाणा व्यवस्थापक पाट्यांची अदलाबदल झाल्याबरोबर जुना तक्ता नष्ट करीत नाहीं; निदान त्याची प्रत बाजूस काढून ठेवतो. तहसील कचेरीच्या अभिलेखांत पिवळीं पडलेलीं पुस्तकें असतात, तीं याच कामाचीं. नांव कोठें सुटलें हें शोधणाऱ्यानें आजच्या उताऱ्यावरील फेरफार क्रमांकांपासून आरंभ करावा, प्रत्येक क्रमांकाची गांव नमुना सहाची नक्कल मागावी, आणि मागें मागें जात, ज्या पुस्तकांत नांव आहे व ज्याच्या पुढच्यांत तें नाहीं, अशीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून पहावीं.