कॅमेरा लॅपटॉपचा, खोली घराची : विषयातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय. ‘ऑनलाईन शिक्षण आणि विद्यार्थ्यांची गोपनीयता’ असं शीर्षक बरेच जण धरतात. शीर्षक चांगलं आहे, पण तो विषय झाला, प्रश्न नाही. आज आपण शाळेच्या लॅपटॉपवरच्या वेबकॅमचं एक गाजलेलं प्रकरण घेऊ आणि विषयाचे प्रश्न कसे होतात ते पाहू.

प्रकरण काय होतं?

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ लोअर मेरियन नावाचा शाळा विभाग आहे. त्याने सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. लॅपटॉप चोरीला गेला तर शोधता यावा म्हणून त्यात एक सोय होती. ती चालू केली की ठरावीक मिनिटांनी वेबकॅममधून फोटो निघायचा, स्क्रीनचंही चित्र निघायचं आणि दोन्ही शाळेच्या सर्व्हरवर जायचे. एका मुलाला शाळेने त्याच्याच घरातला त्याचा फोटो दाखवला, तेव्हा हे बाहेर आलं. फेब्रुवारी २०१० मध्ये खटला दाखल झाला. चौकशीत ५० हजारांहून जास्त चित्रं सापडली. काही वेळा तर हरवलेला लॅपटॉप परत मिळाल्यावरही ट्रॅकिंग बंद केलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०१० मध्ये ६,१०,००० डॉलरवर तडजोड झाली.

इथे हेतू चोरी पकडण्याचा होता. म्हणून ‘शाळेचा हेतू वाईट होता का?’ या प्रश्नाने संशोधन पुढे सरकत नाही. ‘यंत्रणा कोण चालू करतं, कोण बंद करतं आणि त्याची नोंद कुठे होते?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र कागदपत्रांतून शोधता येतं.

खोली कोणाची?

आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने प्रॉक्टर्ड पद्धतीने, म्हणजे कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली, ऑनलाईन परीक्षा घेतल्या. अशी परीक्षा उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एखाद्या घरात कशी होईल, विचार करा. एकच खोली, तिथेच स्वयंपाक, बाजूला आजी झोपलेली, कोपऱ्यात जीन्सच्या जॉबवर्कची शिलाई मशीन. परीक्षा एकाची असली तरी कॅमेऱ्यात येतात सगळे, आणि त्यातल्या कोणीही ‘आय ॲग्री’ दाबलेलं नसतं. मान वळली, मागून कोणी गेलं, आवाज आला, तर सॉफ्टवेअर त्यालाही ‘संशयास्पद’ म्हणू शकतं. म्हणजे घर लहान, तर संशयाला जागा जास्त.

क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्राच्या परीक्षेआधी एका विद्यार्थ्याला कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला लावलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने ही घटनाबाह्य झडती ठरवली.

यंत्रणा चालते तरी का?

विज्ञानवाल्यांनी इथे आकडेमोड करायची. समजा १,००० परीक्षार्थी आहेत आणि त्यात २० जण कॉपी करतायत. सॉफ्टवेअर ९० टक्के कॉपीवाले पकडतं आणि प्रामाणिक मुलांपैकी ५ टक्क्यांवर चुकून खूण करतं. मग पकडलेले खरे १८ आणि चुकीचे ४९. खूण झालेल्या ६७ जणांत खरा दोषी चारातला जेमतेम एक! आकडे माझे, उदाहरणापुरते. पण गुन्हा दुर्मीळ असला की ‘९० टक्के अचूक’ म्हणणारं यंत्रही असंच वागतं. आणि त्या ४९ जणांपैकी कोणाचा निकाल राखून ठेवला, तर त्याचं वर्ष जाऊ शकतं.

प्रत्यक्ष चाचणीत तर ९० टक्केही गृहीत धरता येत नाहीत. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठात प्रॉक्टोरिओ हे सॉफ्टवेअर ३० स्वयंसेवकांवर तपासलं. त्यांतल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं होतं. सॉफ्टवेअरने त्या सहापैकी एकालाही पकडलं नाही. नमुना लहान आहे, हे लिहायचंच. पण रचना बघा, किती साधी आणि किती नेमकी.

कायदा कुठे उभा आहे?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचं कलम ९ अठरा वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करतं. मात्र नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी सूट आहे. मग घरातली खोली स्कॅन करणं ‘शैक्षणिक काम’ ठरतं का? शिवाय एफवायच्या एकाच वर्गात एक १७ वर्षांचा, दुसरी १८ पूर्ण. बाक एक, संरक्षण वेगळं. दोन्ही प्रश्न सिनॉप्सिसच्या लायकीचे आहेत.

आणि तुमचा कॅमेरा?

पाळतीवर संशोधन करताना आपणही पाहणारेच असतो. वैयक्तिक डेटावरून कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नसेल आणि ठरवलेली मानकं पाळली असतील, तर वरच्याच कायद्याचं कलम १७ संशोधनाला सवलत देतं. पण सवलत म्हणजे मोकळं रान नाही. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घ्या आणि मुलाचाही होकार विचारा. तो ‘नाही’ म्हणाला, तर विषय संपला. मुलाखत कुठे घ्यायची तेही त्यालाच ठरवू द्या, कारण एका खोलीच्या घरात त्याची उत्तरं सगळ्यांच्या कानावर पडतात.

आता एक काम करा. वहीच्या पानाचे दोन भाग पाडा. डावीकडे तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, उजवीकडे त्यासाठी लागणारा डेटा. मग उजवीकडची एकेक नोंद झाकून बघा. ती नसतानाही प्रश्नाचं उत्तर मिळत असेल, तर ती गोळा करू नका. बहुतेकांच्या यादीतून सगळ्यात आधी फोटो आणि व्हिडिओच बाद होतात. गाईडकडे जाताना हे पान सोबत न्या, चर्चा तिथूनच सुरू होईल.