किल्ल्या कोणाच्या हातीं?

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांस किल्ल्यांच्या जुडग्याचें माहात्म्य सांगावयास नको. कोठीची किल्ली घरांतील वडील स्त्रीच्या कमरेला, तिजोरीची कर्त्या पुरुषाच्या जानव्याला, आणि देवघराचें दार मात्र सर्वांस मोकळें. फराळाचा डबा धाकट्या सुनेनें खुशाल काढावा, पण तुपाच्या बरणीला हात लावण्यापूर्वीं सासूबाईंस विचारावें. हे नियम कोणी कागदावर लिहून ठेवीत नसे, तरी ते सर्वांस ठाऊक असत. घर मोठें झालें, नोकरचाकर वाढले, म्हणजे मात्र नियम नुसते ठाऊक असून भागत नाहीं. ते खरोखर पाळले जातात कीं नाहीं हेंहि कोणास तरी पाहावें लागतें. आज संगणकाच्या साहाय्यानें चालणाऱ्या मोठमोठ्या संस्थांत हेंच पाहण्याचें काम एका स्वतंत्र वर्गाकडे असतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें-मुली हें काम करतात. "दिवसभर टेस्टिंग करतों," एवढेंच तीं सांगतात, आणि वडील माणसें मान डोलवून गप्प बसतात. त्या टेस्टिंगचा एक महत्त्वाचा भाग, म्हणजे अधिकारांची परीक्षा, वाचकांस समजावून सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

घटना आणि हुकूम

घटना-व्यवस्थापन हा शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. आग लागली, पूर आला, होडी बेपत्ता झाली, अथवा एखाद्या पेढीचें संगणकयंत्र बंद पडलें, म्हणजे वर्दी कोणीं घ्यावयाची, कोणास कळवावयाचें, मदत कोणीं धाडावयाची आणि प्रकरण मिटलें असें कोणीं ठरवावयाचें, या सर्वांची शिस्त म्हणजे घटना-व्यवस्थापन होय. १९७० सालीं दक्षिण कॅलिफोर्नियांत प्रचंड वणवे लागले व त्यांत १६ माणसें दगावलीं. आग विझविणारीं दळें पुष्कळ होतीं. परंतु कोणाचा हुकूम कोणीं मानावयाचा याचा मेळ नव्हता. त्या अनुभवांतून घटनेचीं सूत्रें ठरलेल्या हातीं देण्याची पद्धत तेथें निघाली. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईची दैना झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा झाला, व २०१० सालीं राष्ट्रीय प्राधिकरणानें घटनेच्या वेळीं कोणाचें काम कोणतें याचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं.

पूर्वीं वर्दी जाड वहींत लिहीत. वही एका टेबलावर असे, आणि तिजवर नजर ठेवणें सोपें होतें. आतां तीच वर्दी सॉफ्टवेअरमध्यें लिहिली जाते. ती शंभर ठिकाणांहून वाचतां येते हा मोठा फायदा. पण व्यवस्था ढिली असेल तर ती शंभर ठिकाणांहून खोडतांहि येते!

दांड्याची होडी

खार स्टेशनाच्या पश्चिमेस, अगदीं समुद्राला लागून, खारदांडा हा जुना कोळीवाडा आहे. भोंवतालीं उंच इमारती उठल्या, तरी मासेमारीचा धंदा तेथें टिकून आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते. पुढें नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिला जातो. होडीवर तांडेलाचा शब्द अखेरचा. जाळें कोठें टाकावयाचें, केव्हां परतावयाचें, हें तो ठरवितो. खलाशी कितीहि जाणता असला तरी परस्पर सुकाणूला हात घालीत नाहीं. परंतु होडींत पाणी शिरत आहे असें दिसलें, तर ओरडून सांगण्याचा अधिकार सर्वांत लहान पोऱ्यासहि असतो. वर्दी देण्याचा अधिकार सर्वांस, निर्णयाचा मात्र एकास! घटना-व्यवस्थापनाचें सारें मर्म या एका होडींत सांपडतें.

आतां अशी कल्पना करा कीं, वादळ उठलें आणि दांड्याची एक होडी रात्रीपर्यंत परतली नाहीं. घरच्या माणसानें तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर वर्दी दिली. शेजाऱ्यानें महापालिकेच्या १९१६ वरहि कळविलें. नोंद उघडली गेली. तिच्याभोंवतीं किती माणसें जमतात तें पाहावें: वर्दी लिहून घेणारा, पाळीवरील अधिकारी, बचावनौकेचा प्रमुख, पोलीस, वॉर्डाचा अधिकारी आणि यंत्र चालू ठेवणारा तंत्रज्ञ, अशीं सहा. नोंदीच्या बाबतींत करावयाचीं कामें सात: ती उघडणें, वाचणें, दुरुस्त करणें, काम सोंपविणें, जाहीर इशारा देणें, प्रकरण बंद करणें, आणि नोंद पुसून टाकणें. सहा माणसें व सात कामें मिळून बेचाळीस घरांचा एक पट होतो. प्रत्येक घरांत "होय" किंवा "नाहीं" हें आधीं ठरलें पाहिजे.

हा केवळ कागदी खेळ नव्हे. सारख्या नांवाची दुसरी होडी धक्क्याला लागली, आणि वर्दी लिहून घेणाऱ्यानें घाईघाईनें हीच नोंद बंद केली, तर काय होईल? पडद्यावर प्रकरण मिटलेलें दिसेल, बचावनौका मागें फिरेल, आणि समुद्रावर माणसें वाट पाहात राहतील. म्हणून नोंद उघडणाऱ्यास ती बंद करण्याचा अधिकार नसावा. तो दुसऱ्याचा असावा, आणि त्यानेंहि खात्री करून घेतल्यावांचून तो वापरूं नये. उलटपक्षीं, खलाशांचीं नांवें, त्यांचे फोन, कोणास कोणता आजार आहे, ही माहिती ज्या-त्या टेबलावर उघडी पडली, तर दुःखांत असलेल्या घरावर अफवांचा व ठकांचा वर्षाव व्हावयास वेळ लागत नाहीं. अशा खासगी माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं आपल्या देशांत स्वतंत्र कायदाहि झाला आहे.

अडतीस मिनिटें

अधिकाराची वांटणी चुकली म्हणजे काय होतें याचा धडा १३ जानेवारी २०१८ रोजीं हवाई बेटांवर मिळाला. सकाळीं ८ वाजून ७ मिनिटांनीं तेथील प्रत्येक फोनवर संदेश झळकला कीं, क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, ही रंगीत तालीम नव्हे. लोक भयभीत होऊन धांवत सुटले. क्षेपणास्त्र कोठेंच नव्हतें. पाळी बदलतांना चाललेल्या तालमीच्या वेळीं एका कर्मचाऱ्यानें खरा इशारा सोडला होता, आणि त्या एकट्याच्या हातून तो सुटूं शकत होता. याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. इशारा देण्याची तजवीज तयार होती, पण तो खोटा होता असें कळविण्याचा मजकूर तयार नव्हता, आणि तो धाडण्याचा आपणांस अधिकार आहे काय याविषयींहि घोळ होता. फोनवर दुरुस्ती पोंचावयास ३८ मिनिटें लागलीं. ट्विटरवर खुलासा करावयाचा तर आपल्याला पासवर्डच आठवेना, अशी कबुली खुद्द गव्हर्नरांनीं मागाहून दिली. त्यानंतर तेथें दोघांच्या संमतीवांचून इशारा जाऊं नये असा नियम करण्यांत आला.

ही कल्पना मराठी वाचकांस नवी वाटूं नये. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे बरोबरीचे अधिकारी असत, असें सभासदाच्या बखरींत वर्णन आहे. गड एकाच्या मर्जीवर राहूं नये, हाच त्यांतील हेतु. संगणकशास्त्रांत १९७५ सालीं सॉल्ट्झर व श्रोडर या दोन विद्वानांनीं एक तत्त्व मांडलें: ज्याला कामापुरता जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, अधिक देऊं नये. किल्लेदारीचें धोरण आणि हें तत्त्व एकाच कुळींचें आहे.

परीक्षा कशी घ्यावी?

रायगडाविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, गड तयार झाल्यावर महाराजांनीं दवंडी पिटविली: मुख्य वाटेनें न येतां जो गड चढून दाखवील त्यास बक्षीस. एकजण चढला, त्यास बक्षीस मिळालें, आणि ती वाट बंद करण्यांत आली. परीक्षकाचें काम नेमकें हेंच आहे.

अननुभवी परीक्षक सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें आंत शिरतो, सर्व दारें उघडतात असें पाहतो, आणि परीक्षा झाली असें समजतो. परंतु ज्याच्यापाशीं सर्व किल्ल्या आहेत त्यानें दारें उघडलीं यांत सिद्ध काय झालें? बेचाळीस घरांपैकीं जेथें "होय" आहे तेथें काम झालें पाहिजे, आणि जेथें "नाहीं" आहे तेथें तें अडलें पाहिजे. या दोन्ही बाजू, एकेका भूमिकेच्या नांवानें आंत जाऊन, पाहाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, पडदा आणि कुलूप यांतील भेद. पुष्कळदां वर्दी लिहिणाऱ्याच्या पडद्यावर "बंद करा" हें बटन नुसतें झांकलेलें असतें. पण बटनाला वळसा घालून तोच हुकूम सर्व्हरकडे धाडला तर तो निमूटपणें मानला जातो. एखादा आपली नोंद पाहात असतां पत्त्यांतील ४१२ हा आंकडा बदलून ४१३ करतो, आणि परक्याची नोंद समोर उभी राहते. असल्या सदोष अधिकार-नियंत्रणास ओवॅस्प या जागतिक संस्थेनें आपल्या २०२१ च्या धोक्यांच्या यादींत पहिलें स्थान दिलें होतें.

तिसरी गोष्ट, चोरवाटांची. नोंद झांकली, पण तिची सूचना ई-मेलनें गेली व तींत सारी हकीकत होती. मासिक अहवाल उतरवून घेतला आणि त्यांत खलाशांचे फोन होते. असे प्रकार घडतात. बदली झालेल्या अधिकाऱ्याचा अधिकार काढला, पण त्याच्या फोनवर आधींच उघडें असलेलें पान चालूच राहिलें, हाहि त्यांतलाच प्रकार. म्हणून नवा अधिकार मिळतो कीं नाहीं याबरोबरच जुना खरोखर जातो कीं नाहीं, हेंहि पाहावें. नाकारलेल्या प्रयत्नाचीसुद्धां नोंद राहिली पाहिजे. ही सारी परीक्षा खऱ्या दुःखाच्या नोंदींवर न करतां, वेगळ्या प्रतीवर व काल्पनिक नांवांनीं करावी. आणि सॉफ्टवेअरमध्यें बदल झाला कीं पुन्हा करावी.

फार घट्ट कुलूपहि वाईट

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग सर्वच दारें बंद ठेवावीं. तसें नव्हे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकची सेवा सुमारें सहा तास जगभर बंद पडली. चुकीचा हुकूम अडविण्यासाठीं ठेवलेल्या साधनांतच दोष निघाला. आणि जाळें कोसळल्यावर दुरुस्तीचीं नेहमींचीं साधनेंहि त्याबरोबर निकामी झालीं. यंत्रगृहांचा बंदोबस्त इतका कडक होता कीं, खुद्द कंपनीच्या माणसांस आंत पोंचून काम सुरू करावयास वेळ लागला.

दांड्याच्या होडीचा शोध चालू असतां पाळीवरील अधिकारी अकस्मात् आजारी पडला, तर त्याच्या किल्लीवांचून काम अडतां कामा नये. यासाठीं काचेच्या पेटींतील किल्लीची योजना असते: संकटांत ती कोणीं घ्यावयाची हें आधीं ठरलेलें, काच फुटली कीं वरिष्ठांस तत्काळ कळावयाचें, काम संपतांच किल्ली परत व कारणाचा जबाब. ही पेटीहि वर्षांतून एकदां फोडून पाहिली पाहिजे. वेळेवर किल्लीच गंजलेली निघाली तर पेटीचा उपयोग काय?

हीच दृष्टि वाचकांनीं आपल्या घराकडेहि वळवावी, असें आम्हांस वाटतें. आज कर्त्या पुरुषाची तिजोरी फोनमध्यें असते आणि तिची किल्ली बहुधा त्याच्या एकट्याच्या डोक्यांत! तो अकस्मात् रुग्णालयांत गेला तर विम्याचे कागद कोठें आहेत, वीजबिल कोणत्या खात्यांतून जातें, हें घरांत दुसऱ्या कोणास ठाऊक असतें काय? उलट, कित्येक घरांत वडिलांच्या खात्याचा पासवर्ड नातवंडांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांस पाठ असतो. दोन्ही स्थिति सारख्याच घातक. एका रविवारीं सर्वांनीं एकत्र बसावें, माणसें व कामें यांचा लहानसा पट आंखावा, प्रत्येक घरांत "होय" किंवा "नाहीं" लिहावें, खात्यांस वारसाचें नांव लावलें आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मग तो पट खरा ठरतो कीं नाहीं याची एकदां परीक्षा घ्यावी. घरांत टेस्टिंग करणारा मुलगा किंवा सून असेल तर हें काम तिच्याकडे अथवा त्याच्याकडे द्यावें. निदान त्या निमित्तानें तीं दिवसभर काय करतात हें वडील माणसांस कळेल.