थंडाव्याची किंमत

मुलांनो, उन्हातून खेळून आलात की पहिला हात कुठे जातो? फ्रिजच्या दाराकडे! पण हा थंडावा फुकट मिळालेला नाही बरं का.

फ्रिजच्या नळ्यांतून एक वायू फिरत असतो. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. पूर्वी त्यासाठी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू वापरत. गळती झाली की माणसे दगावत. मग १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी सीएफसी जातीचा वायू शोधला. विषारी नाही, पेटतही नाही! १९३० मध्ये त्यांनी तो चक्क छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. सगळे खूश!

पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितले, हाच वायू उंच आकाशात जाऊन ओझोनचा थर खातो. हा थर म्हणजे अतिनील किरणांपासून वाचवणारी आपली छत्रीच! १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर छत्री विरल्याचे उघड झाले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर सीएफसी हळूहळू बंद झाला. आता ती छत्री सावकाश सांधली जात आहे.

वर्गात एकीने विचारलं, "बाई, मग फ्रिज वाईट का?" नाही गं! दूध, औषधं, लसी त्यातच टिकतात. पण नवी सोय घरात आली की 'काय मिळालं?' याबरोबर 'त्याबदल्यात काय दिलं?' हेही विचारावं.

आज आई-बाबांबरोबर फ्रिजवरची पट्टी वाचा. 'आर-६००ए' दिसलं? हा वायू ओझोनला त्रास देत नाही. पण पेट घेऊ शकतो, म्हणून अगदी थोडाच भरतात!