हप्ता महिन्याचा, बैठक आठवड्याची

३१ मार्च २०२४ रोजी देशात बँकांशी जोडलेले बचत गट होते सुमारे १ कोटी ४४ लाख. नाबार्डच्या हिशेबाने त्यांत पावणेअठरा कोटी कुटुंबं येतात. गटांची बँकांतली बचत ६५ हजार कोटींच्या वर आणि गटांकडून बँकांना येणं अडीच लाख कोटींहून जास्त. त्यातलं थकीत, म्हणजे एनपीए, २.०५ टक्के. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांपासून सुरुवात केली, तेव्हा दागिना किंवा सातबारा न ठेवता बायकांना कर्ज द्यायचं म्हटल्यावर बँकांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, तर नवल नाही.

एवढ्या आकड्यांवरून ‘बायका प्रामाणिक असतात’ असा निष्कर्ष काढून भाषण ठोकणं सोपं आहे. पण २०१५ मध्ये थकीत कर्जाचं हेच प्रमाण सात टक्क्यांच्या वर होतं आणि २०२१ मध्ये ४.७३ टक्के होतं. बायका त्याच होत्या. त्यामुळे प्रामाणिकपणाचं कौतुक बाजूला ठेवून गटात नेमकं काय घडतं ते पाहिलेलं बरं.

गटाची पंचसूत्री खेड्यापाड्यांत तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. महाराष्ट्रात ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने तिची दशसूत्री केली. दोन्हींत पहिलं सूत्र पैशाचं नाही, बैठकीचं आहे. बायका गोल करून बसतात. हजेरी होते, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जातं, पैसे सगळ्यांच्या देखत मोजले जातात. कोणी कर्ज मागितलं की कशासाठी, हा प्रश्न येतोच आणि उत्तरही सगळ्या ऐकतात. शेवटी सह्या, क्वचित अंगठे. मग हिशेबाच्या वह्या मिटतात आणि खऱ्या गप्पा सुरू होतात. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या नवऱ्याचं काम सुटलं, ही माहिती बँकेच्या कोणत्याच अर्जात मिळत नाही.

पण बैठकीमुळे विश्वास वाढतो, की मुळात विश्वास असलेल्याच बायका बैठकीला येतात? गटांची नुसती आकडेवारी पाहून हे सांगता येत नाही. बेंजामिन फायगेनबर्ग, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी कोलकात्यात त्याचं उत्तर शोधलं. २००६ मध्ये एका सूक्ष्म वित्त संस्थेकडून पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्या बायकांचे १०० गट त्यांनी निवडले. हे बचत गट नव्हते, नुसते कर्जगट होते. कोणी आठवड्याला भेटायचं आणि कोणी महिन्याला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दुसऱ्या कर्जाला सगळ्यांचं वेळापत्रक सारखं केलं.

पहिल्या कर्जात थकबाकीचा फरक दिसला नाही. संशोधक तिथेच थांबले असते, तर बैठकांचा काही उपयोग नाही, असाच निकाल लागला असता. फरक पडला तो दुसऱ्या कर्जात. सुरुवातीला दर आठवड्याला भेटलेल्या बायकांमध्ये कर्ज थकण्याचं प्रमाण महिन्याला भेटलेल्यांच्या सुमारे एकतृतीयांश होतं. जवळपास दोन वर्षांनंतरही त्या एकमेकींकडे जास्त जात-येत होत्या. संशोधकांनी बक्षिसाची एक सोडतही ठेवली. तीत जुन्या गटातल्या बाईला सामील करून घेतलं, तर स्वतःचा नंबर लागण्याची शक्यता कमी होई. तरीही तो धोका पत्करायला त्या जास्त तयार होत्या.

आता यावर कोणी म्हणेल की ही दर आठवड्याच्या हप्त्याची शिस्त. म्हणूनच प्रयोगात आणखी एक प्रकार ठेवला होता: बैठक आठवड्याला, पण हप्ता महिन्याला. त्या गटांतही निकाल तोच आला. हप्ता कितीदा भरला याने फरक पडला नाही, भेट कितीदा झाली याने पडला.

हप्त्याचा परिणाम दुसरीकडे दिसतो. फील्ड, पांडे आणि सहकाऱ्यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की महिन्याला हप्ता भरणाऱ्यांमध्ये परतफेडीची काळजी, ताण वाटत असल्याचं सांगण्याचं प्रमाण आठवड्याला भरणाऱ्यांपेक्षा ५१ टक्क्यांनी कमी होतं. फेडता येईल असा भरवसा वाटणाऱ्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांनी जास्त होतं. धंद्यातली गुंतवणूकही त्यांची जास्त. भाजीच्या टोपलीत घातलेला पैसा आठ दिवसांत परत येईलही, पण शिलाई मशीनमध्ये घातलेला कसा येणार?

दोन्ही निकाल शेजारी ठेवले, तर सल्ला सरळ आहे: हप्ता लांबवा, बैठक लांबवू नका. प्रत्यक्षात मात्र दोन्ही एकाच दोरीला बांधलेले असतात. हप्ता महिन्यावर गेला की बैठकही महिन्यावर जाते, आणि पैसे मोबाईलवरून भरता येऊ लागले की जमायचं तरी कशाला, असं वाटू लागतं. ‘प्रिय ग्राहक, आपला हप्ता देय आहे’ हा संदेश रोज आला तरी त्याला संवाद म्हणत नाहीत. कोणाची म्हैस आटली हे त्याला विचारता येत नाही.

संस्थांचीही अडचण खरी आहे. आठवड्याची बैठक म्हणजे वर्षाला ५२ फेऱ्या, महिन्याची म्हणजे १२. गटामागे ४० फेऱ्या जास्त, आणि पेट्रोल, पगार, वेळ सगळं त्यात आलं. बचत गटाची बैठक बायका स्वतःच चालवतात, म्हणून तिथे हा खर्च निभतो. बाहेरून अधिकारी पाठवणाऱ्या संस्थेला तो यंदाच्या ताळेबंदात दाखवावा लागतो. त्यातून टळलेली थकबाकी दिसणार दुसऱ्या कर्जात, आणि तोवर त्या शाखेचा अधिकारी बहुधा बदलून गेलेला असतो.