उत्नपिश्तिम : बाबिलोनी जलप्रलयांतून वांचलेला पुरुष

नोहाचें तारूं आमच्या विद्यार्थ्यांस परिचयाचें आहे, आणि मनूची नौका ओढून नेणाऱ्या मत्स्याची कथाही पुष्कळांनीं घरीं ऐकली असेल. या दोघांखेरीज प्रलयांतून वांचलेला आणखी एक पुरुष प्राचीन वाङ्मयांत आढळतो. त्याचें नांव उत्नपिश्तिम.

निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयांतील मातीच्या पाट्या उकरून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें नेल्या होत्या. तेथें जॉर्ज स्मिथ या, मूळच्या नोटांचे ठसे कोरणाऱ्या कारागिरानें स्वकष्टानें ती लिपि शिकून एक पाटी लावली, आणि ३ डिसेंबर १८७२ रोजीं विद्वानांच्या सभेंत ती वाचून दाखविली. ती गिल्गमेश काव्याची अकरावी पाटी होय.

फरात नदीकांठच्या शुरुप्पक नगरांत उत्नपिश्तिम राहत असे. देवांनीं प्रलय आणण्याचा बेत करून तो गुप्त ठेवण्याची शपथ घेतली. इया देवानें शपथ मोडली नाहीं. तो मनुष्याशीं न बोलता बोरूच्या कुडाशीं बोलला! भिंतीला कान असतात हें तेथेंही ठाऊक होतें म्हणावयाचें. घर मोडून नौका बांध, असा तो निरोप. नौका १२० हात लांब, तितकीच रुंद व उंच, सात मजल्यांची. तिला डांबर फांसलें होतें. आप्त, पशु यांजबरोबर त्यानें कारागीरही आंत घेतले, हें आम्हांस विशेष वाटतें. सहा दिवस व सात रात्री वादळ चाललें. देव स्वतःच भिऊन कुत्र्यांप्रमाणें अंग आखडून बसले. शेवटीं त्यानें खिडकी उघडली. मुखावर प्रकाश पडला. सर्व मनुष्यें माती झालेलीं पाहून तो खालीं बसून रडला. नौका निमुश पर्वतावर अडकली. मग त्यानें कबूतर, पाकोळी व कावळा सोडले. कावळा परतला नाहीं.

इतकें साम्य पाहून, शास्त्रांतील कथा उसनी ठरते कीं काय, असें भय कित्येकांस वाटलें. आम्हांस तें वाटत नाहीं. अब्राहाम खास्द्यांच्या ऊर नगरांतून निघाला, असें शास्त्रच सांगतें. त्या देशाची स्मृति त्याच्या वंशजांत उतरावी यांत नवल तें काय? पाहावयाचें तें कारण. ख्रिस्तपूर्व सतराव्या शतकांतील अत्रहासिस काव्यांत मनुष्यांच्या गलबल्यानें एन्लिल देवाची झोप मोडते, म्हणून प्रलय येतो. उत्पत्तींत तो मनुष्याच्या दुष्टाईमुळें येतो. तथापि, पाप्याचें पाप पाप्याच्याच माथीं असावें, असें इया एन्लिलास बजावतो. हें वाक्य त्या काव्यांत असावें याचा आम्हांस आनंद वाटतो.

त्यानंतर एन्लिलानें उत्नपिश्तिम व त्याची पत्नी यांस अमरत्व देऊन नद्यांच्या मुखाशीं दूर ठेविलें. मित्राच्या मरणानें व्याकूळ झालेला गिल्गमेश राजा तेंच मागावयास तेथें आला. "तुजसाठीं देवांची सभा आतां कोण भरविणार?" अशा अर्थाचें बोलून वृद्धानें त्यास सहा दिवस व सात रात्री जागण्यास सांगितलें. राजा बसतांच झोंपला. उठल्यावर तो नाकबूल होईल म्हणून वृद्धाची पत्नी रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशीं ठेवी. तो जागा झाला तेव्हां पहिली वाळून कडक झाली होती, आणि सातवी अजून निखाऱ्यांवरच होती.