लांबची वाट, लवकर मुक्काम

एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास दोन वाटा असल्या, तर घाईत असलेला मनुष्य जवळची वाट धरतो. ही गोष्ट लहान मुलालाही कळते. परंतु आकाशमार्गाने जाणाऱ्याला कधी कधी लांबची वाटच लवकर पोहोचवते, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. त्याचे एक उदाहरण पाहू.

पृथ्वीच्या गोलावर आपली दिल्ली शोधा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हे शहरही शोधा. ही दोन शहरे गोलाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. त्यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवप्रदेशावरून जाईल. हेच सर्वांत कमी अंतर होय. ते सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. परंतु हवामान, देशोदेशींच्या सीमा आणि अडचणीच्या वेळी उतरण्याच्या जागा यांचा विचार विमानाला करावा लागतो. म्हणून ते नेहमीच दोऱ्यासारखे सरळ जात नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांमध्ये वाटेत कोठेही न थांबणारे विमान सुरू केले. ते पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जाई. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता आणि त्यास सुमारे साडेसोळा तास लागत. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडे, जपानवरून व पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांब. परंतु वेळ लागला सुमारे साडेचौदा तास! वाट वाढली आणि वेळ मात्र दोन तासांनी घटला. असे का बरे व्हावे?

नदीतील नाव आठवा. नावाडी तोच, वल्ही तीच. पण प्रवाहाबरोबर जाताना नाव झपाट्याने पुढे सरकते आणि प्रवाहाविरुद्ध जाताना नावाड्याचा दम निघतो. आकाशातही अशाच नद्या आहेत, मात्र त्या वाऱ्याच्या. जमिनीपासून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडील उष्ण हवा ध्रुवांकडे जाऊ लागते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ती पूर्वेकडे वळते; त्यातून हे प्रवाह निर्माण होतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात आकाशात फुगे सोडून हे वारे प्रथम मोजले.

आता हिशेब करून पाहा. पश्चिमेच्या मार्गावर विमानाने ताशी सरासरी सुमारे ८४२ किलोमीटर वाट कापली, तर पूर्वेच्या मार्गावर सुमारे १,०५५ किलोमीटर. विमानाच्या यंत्रांचे बळ काही वाढले नव्हते. एकीकडे वारा समोरून येत होता, दुसरीकडे तो पाठीशी होता, एवढाच काय तो भेद. परत येतानाही विमान पूर्वेकडेच, अटलांटिकवरून निघाले, तर वारा पुन्हा पाठीशी राहतो आणि पृथ्वीची प्रदक्षिणाही पुरी होते!

दोन तास वाचणे म्हणजे केवळ प्रवाशांची सोय नव्हे. इतक्या दूर जाणाऱ्या विमानाला इंधनाचा प्रत्येक थेंब मोलाचा असतो. म्हणून विमान निघण्यापूर्वी त्या दिवसाचे वारे अभ्यासून मार्ग ठरवला जातो. निसर्गाशी झुंज घेण्यापेक्षा त्याची गती ओळखून वागणारा प्रवासी आधी मुक्कामी पोहोचतो.